डबा परत येतो, पाळी थांबते आणि रिपोर्टवर ‘पीसीओडी’ लिहिलेलं असतं

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १९ वर्षांची, एस.वाय. बी.एस्सी.ला. घर डोंबिवलीत, कॉलेज दादरला, सकाळी सहा वीसची लोकल. चार महिन्यांत वजन ५४ वरून ४७ किलोवर आलं, उंची १५८ सेंटिमीटर. डबा अर्धा, कधी पूर्ण परत येतो. पोळी-भात बंद केलाय, पण रात्री अकरानंतर फरसाण आणि बिस्किटांचे पुडे संपलेले असतात. तीन महिने पाळी नाही. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ (बीजकोषात बऱ्याच लहान पुटकुळ्या) आलं, ‘वजन आटोक्यात ठेवा’ असा सल्ला मिळाला आणि तेव्हापासून ती आणखीच कमी खाते. हे पीसीओडी आहे, डाएटचं खूळ आहे की आणखी काही? आणि घरी करायचं काय?

ताई, त्या रिपोर्टपासूनच सुरुवात करू, कारण सध्या तुमच्या घरात त्या एका कागदाच्या जोरावर जेवण बंद आहे.

पाळी सुरू झाल्यापासून पहिली काही वर्षं बीजकोषात भरपूर लहान पुटकुळ्या दिसणं हे या वयात अगदी सर्रास आढळतं. म्हणूनच पीसीओएसच्या (पीसीओडीचंच आजचं वैद्यकीय नाव) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. तेराव्या वर्षी पाळी आलेली मुलगी एकोणिसाव्या वर्षी या मर्यादेच्या आतच असते. त्या वयात निदानाला दोन गोष्टी लागतात. पाळी अनियमित असायला हवी आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण हवी: हनुवटीवर, छातीवर, पोटावर राठ केस, हट्टी मुरमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. आणि हे सगळं ठरवण्याआधी पाळी थांबण्याची बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात.

त्या बाकीच्या कारणांत एक कारण नेमकं तुमच्या घरी घडतंय असं दिसतं. अन्न कमी पडलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजकोषांना जाणारे संकेत मंदावतो आणि पाळी बंद होते. अशा मुलींच्या सोनोग्राफीतही पुष्कळदा तशाच पुटकुळ्या दिसतात. चित्र तेच, कारण उलटं, आणि उपचारही उलटा. एकीला (तिचं वजन जास्त असेल तर) थोडं वजन उतरवल्याने फायदा होतो, दुसरीला खाणं आणि वजन वाढवल्याशिवाय पाळी परत येत नाही. दुसरीच्या हातात पहिलीचा सल्ला पडला की काय होतं, ते तुम्ही पाहताच आहात.

ओळखायचं कसं? तारखा मांडा. ५४ किलोवर असताना पाळी महिन्याच्या महिन्याला येत होती का? वजन उतरायला लागल्यावर पाळी लांबली आणि मग थांबली का? असं असेल तर संशयाची सुई भुकेकडे वळते. डॉक्टर एलएच आणि एफएसएच (बीजकोषांना जाणारे तेच संकेत), इस्ट्राडायॉल (स्त्री-संप्रेरक), प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि टेस्टोस्टेरॉन तपासतील, गर्भधारणा नाही ना हेही पाहतील (तो नेहमीचा प्रश्न आहे, मनाला लावून घेऊ नका). उपासमारीत एलएच आणि इस्ट्राडायॉल बहुधा खाली असतात, टेस्टोस्टेरॉन वाढलेलं नसतं. एक सावधगिरी: पाळी ‘आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या तर महिन्याला रक्तस्राव होतो, पण तो गोळ्या थांबवल्यामुळे होणारा रक्तस्राव असतो. मूळ बिघाड तसाच राहतो आणि घरात मात्र सगळ्यांना वाटतं, चला, झालं ठीक. हाडांची भरणी विशीत पूर्ण होत असते, त्यामुळे पाळीविना गेलेला प्रत्येक महिना हाडांच्या खात्यातून वजा होतो. सहा महिने उलटले तर हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी लागते.

किती खाणं म्हणजे कमी, याचा हिशोब असा. शरीराच्या वजनातून चरबी वगळली की जे उरतं, त्याच्या दर किलोमागे, व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा करून, निदान ३० कॅलरी हव्यात. त्याखाली गेलं की एलएचची लय बिघडते असं प्रयोगांत दिसलेलं आहे. नीट चालायला सुमारे ४५ लागतात. तुमच्या मुलीचं चरबीविना वजन ३७ किलो धरलं तर ४५ च्या हिशोबाने १६६५, आणि ती झुंबा-बिंबा करून ३०० जाळत असेल तर १९६५ कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठीही १६६० आहेत. डोंबिवली ते दादर उभं राहून, पूल चढत-उतरत, पाठीवर सॅक घेऊन जाणारी मुलगी ‘बैठी’ धरायची का, हे तुम्हीच ठरवा. इंटरनेटवर जो तो १२०० चा आकडा फेकतो, तो या वयाच्या मुलीसाठी नाहीच.

आता वजनाबद्दल. ४७ किलो आणि १५८ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.८. तक्त्यात हे ‘नॉर्मल’ आहे, आणि फसगत इथेच होते. तक्ता फक्त आज कुठे आहोत ते सांगतो, कुठून आलो ते सांगत नाही. चार महिन्यांत सात किलो म्हणजे मूळ वजनाच्या १३ टक्के. वजन ‘नॉर्मल’ दिसत असतानाही ॲनोरेक्सियाचे (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार) सगळे शारीरिक परिणाम, म्हणजे मंद नाडी, थंडी, चक्कर, पाळी बंद होणं, होऊ शकतात. ज्या मुली आधी जरा भरलेल्या असतात त्यांचा आजार तर सगळ्यात उशिरा कळतो, कारण उतरलेल्या प्रत्येक किलोला टाळ्या मिळालेल्या असतात.

अशा खाण्याच्या आजारांची चाळणी म्हणून जगभर पाच प्रश्न वापरले जातात. १९९९ पासून ते वापरात आहेत. खूप भरल्यासारखं वाटलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का? किती खातोय यावरचा ताबा सुटल्याची भीती वाटते का? तीन महिन्यांत सहा-साडेसहा किलोंपेक्षा जास्त वजन उतरलंय का? बाकीचे बारीक म्हणत असताना तुला तू जाड वाटतेस का? खाण्याच्या विचाराने डोक्याचा ताबा घेतलाय असं वाटतं का? दोन किंवा अधिक ‘हो’ आले तर तज्ज्ञाकडे जायचं. हे निदान नाही, दार ठोठावणं आहे. आणि प्रश्न स्वयंपाकघरात उभं राहून पोलीस चौकशीसारखे विचारायचे नाहीत. डॉक्टर किंवा समुपदेशक एकांतात विचारतील तेव्हा खरी उत्तरं येतात.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट उद्याच करा. सकाळी ती अंथरुणातून उठण्याआधी, अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. ५० च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ४० च्या खाली, किंवा बेशुद्ध पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, रक्ताची उलटी, पाणीही न टिकणं, जगणं नको वाटतंय असं बोलणं, यातलं काहीही असेल तर ओपीडीची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. मंद नाडीला कोणी ‘खेळाडूचं हृदय’ म्हणून सोडून दिलं तर ऐकू नका. वजन आणि पाळी हरवलेल्या मुलीत ती शरीराने केलेली काटकसर असते. रक्तात पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, साखर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड एवढं तपासायला हवं आणि सोबत ईसीजी. पण रिपोर्ट स्वच्छ आले म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर शेवटपर्यंत रक्तातले आकडे सांभाळून ठेवतं.

जी मुलगी पाच-सहा दिवस जवळपास काहीच खात नाहीये, तिला घरी एकदम पोटभर जेवू घालायचं नाही. उपाशी शरीरात अन्न अचानक गेलं की रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढला जातो आणि हृदयावर बेतू शकतं. तिथे रुग्णालयातच, रक्त तपासत, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) देत, हळूहळू खाणं वाढवतात. तुमची मुलगी रोज काही ना काही खाते आहे, त्यामुळे तपासणी ठीक निघाली तर घरी सुरुवात करता येते.

आता त्या रात्रीच्या फरसाणाकडे. तुम्हाला ते विरोधाभासासारखं वाटतंय: दिवसा पोळी नको आणि रात्री पुडा संपतो. त्यात विरोधाभास नाही, तो सरळ हिशोब आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे त्यांच्या नेहमीच्या निम्म्या अन्नावर, सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं. ते दिवसभर खाण्याचंच बोलू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जेवण तासतासभर लांबवू लागले, चिडचिडे झाले, माणसांपासून दूर राहू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांतल्या कित्येकांना किती खाल्लं तरी पुरेना. वेडेपणाची लक्षणं वाटावीत अशा या गोष्टी भुकेची लक्षणं निघाली, आणि त्या पुरुषांना कुणी आरशात पाहायला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण चेष्टेने म्हणतात, पण शरीरशास्त्र म्हणून ती अचूक आहे.

सकाळी पावणेसहाला नुसता चहा, दहाच्या सुट्टीत ‘भूक नाही’, दुपारी दोन खाकरे आणि ग्रीन टी, परतीच्या गर्दीत काहीच नाही. रात्री अकराला घर झोपलं की डबे उघडतात. दुसऱ्या दिवशी अपराधी वाटतं म्हणून नाश्ता बंद, आणि रात्र पुन्हा तशीच. मुलगी याला स्वतःच्या संयमाचा पराभव समजते आणि आणखी कडक नियम लावते. प्रत्यक्षात रात्रीचा पुडा थांबवायचा असेल तर सकाळचा नाश्ता लावायला हवा. फरसाणाच्या डब्याला कुलूप लावून काहीही होत नाही, फक्त ती पुढच्या वेळी स्टेशनबाहेरून विकत आणते आणि कागद सॅकच्या तळाशी लपवते.

म्हणून पहिल्या महिन्यात ‘काय’ खाल्लं यापेक्षा ‘केव्हा’ खाल्लं याकडे पाहा. तीन जेवणं, दोन ते तीन मधली खाणी, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागली तर, असं नाही. घड्याळाने, कारण एवढ्या महिन्यांत भुकेची घंटा बिघडलेली आहे. सहा वीसच्या लोकलच्या दिवसाचा आराखडा असा होईल.

निघण्याआधी एक पेला दूध (२०० मिली, ६ ग्रॅम प्रथिनं) आणि केळं. गरम दूध घशाखाली उतरत नसेल तर नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून. एवढ्या सकाळी हे जडच जाईल, तेव्हा पहिला आठवडा अर्धा पेला चालेल, पण शून्य नाही. दहाच्या सुट्टीत शेंगदाण्याची चिक्की किंवा मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाणे (७-८ ग्रॅम प्रथिनं, १७० कॅलरी). दुपारी डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि मटकी-मुगाची वाटीभर उसळ. रात्री एक पोळी, वाटीभर भात, वाटीभर घट्ट वरण, भाजी, दही. बेरीज करून पाहा: प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास होतात, जी साधारण तिची रोजची गरज आहे, पण कॅलरी १४५०-१५०० च्याच घरात. म्हणजे ज्याला आपण ‘व्यवस्थित जेवली’ म्हणतो तेवढं जेवूनही ती कमी पडते! मग जिने पोळी-भात काढला तिचा दिवस किती खाली गेला असेल, याचा अंदाज येईल.

उरलेली जागा चार-पाच वाजताच्या खाण्याने भरायची: पोह्यांची बशी, अंडं-पाव, मसाला टोस्ट, नाहीतर सरळ वडापाव. हो, वडापाव. पावणेतीनशे-तीनशे कॅलरींचा, सगळ्या मैत्रिणींसोबत उभ्याने खाता येणारा पदार्थ. ज्या मुलीच्या मनात पदार्थांचे ‘पवित्र’ आणि ‘पापी’ असे दोन कप्पे झालेत, तिच्यासाठी आठवड्यातून एकदा मैत्रिणींबरोबर खाल्लेला वडापाव हा उपचाराचाच भाग असतो. झोपण्यापूर्वी दूध किंवा एखादा लाडू, सगळ्यांसमोर, ताटलीत घेऊन. पोळीला तूप लावा, आणि लपवून लावू नका. तिला न कळता डाळीत तूप, पिठात काही मिसळणं हा आयांचा आवडता उपाय, पण एकदा पकडला गेला की ती घरच्या कुठल्याच पदार्थावर विश्वास ठेवत नाही.

पाण्याचंही पाहा. लोकल आणि कॉलेजमधल्या स्वच्छतागृहांच्या अवस्थेमुळे कितीतरी मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रिकामं पोट, पाणी नाही, आणि कल्याणहून भरून आलेला डबा: प्लॅटफॉर्मवर चक्कर येऊन पडणाऱ्या मुलींच्या मागे हे त्रिकूट बरेचदा असतं. त्यात लोहाची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. जेवणाबरोबर कटिंग चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं, त्यामुळे दोहोंत तासभर अंतर ठेवा आणि उसळीवर लिंबू पिळा. नुसत्या गुळावर विसंबू नका. अळीव, चवळी-मटकी, पालेभाज्या, आणि खात असाल तर मटण-मासे जास्त कामाचे.

केस गळतात म्हणून बहुतेक घरांत टँकरच्या नाहीतर बोअरिंगच्या पाण्यावर खापर फुटतं. वजन झपाट्याने उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागणं ही ठरलेली गोष्ट आहे. खाणं सुधारल्यावरही काही आठवडे गळती चालू राहते. त्या वेळी ‘बघ, खाऊनसुद्धा काही फरक नाही’ असं तिला वाटू न देणं महत्त्वाचं.

उलटीबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण ती सगळ्यात चांगली लपवली जाते. जेवणानंतर लगेच बाथरूम, नळ किंवा शॉवर चालू, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, दातांच्या मागच्या बाजूचं कवच झिजणं, कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल फुगलेले दिसणं. यातला क्रूर भाग असा की गालांची ही सूज मुलीला ‘चेहरा जाड झाला’ अशी दिसते आणि ती चक्र आणखी जोरात फिरवते. जुलाबाच्या गोळ्यांनी वजनकाट्यावर उतरतं ते पाणी. तोवर अन्नातली बहुतेक ऊर्जा लहान आतड्यात शोषली गेलेली असते. दोन्हींमुळे पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते, वजन कितीही असो. उलटी झालीच तर लगेच दात घासू नयेत, आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने खरवडलं जातं. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी. दंतवैद्याच्या लक्षात हे कित्येकदा घरच्यांच्या आधी येतं.

उपवासांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण श्रावण ते मार्गशीर्ष हा काळ आपल्या घरांत या आजाराला उत्तम आडोसा देतो. सोमवार, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार. ‘माझा उपवास आहे’ म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, उलट कौतुक होतं. श्रद्धेचा उपवास आणि आडोशाचा उपवास ओळखायची खूण साधी आहे: ती उपवासाचं खाते का? साबुदाण्याची खिचडी, वरई, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, रताळं हे मुळीच हलके पदार्थ नाहीत. जिला यातलं काहीच नको असतं, नुसतं ताक आणि काकडी चालते, आणि जिचे उपवासाचे वार गेल्या सहा महिन्यांत वाढले आहेत, तिच्या उपवासाचा देवाशी फारसा संबंध नाही. आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईने, म्हणजे आजीने, तिच्यासमोर म्हणून टाकावं. तुम्ही दहा वेळा सांगण्यापेक्षा ते जास्त लागू पडतं. हल्लीचं सोळा तास उपाशी राहण्याचं फॅडही याच खात्यात. रात्री आठला जेवून दुपारी बाराला पहिला घास घेणारी मुलगी तेवढ्यात डोंबिवलीहून दादरला जाऊन तीन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल करून बसलेली असते.

स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी आली कुठून, यावर मोबाइलला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्यात तथ्यही आहे. फिजीमध्ये १९९५ साली एका भागात टीव्ही पोहोचला. तोवर तिथल्या किशोरवयीन मुलींत वजनासाठी उलटी काढणं आढळलं नव्हतं, १९९८ मध्ये ११ टक्क्यांहून जास्त मुलींनी ते केल्याचं सांगितलं. आणि ती संस्कृती भरलेल्या अंगाचं कौतुक करणारी होती. आज पडदा खिशात आहे. हात लांब न करता, फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे लेन्सचं गणित मुलींना सांगितलं की निदान एक खोटा आरसा तरी फुटतो. ‘दिवसभरात मी काय खाते’ छापाचे रील तिने आठवडाभर ‘नको’ म्हणून दाबले तर समोर येणारा माल बराच बदलतो. हे तिने स्वतः करायचं, तुम्ही फोन काढून घ्यायचा नाही.

पण खरं सांगायचं तर बऱ्याच मुलींना पहिलं वाक्य फोनने ऐकवलेलं नसतं. ते लग्नात, हळदीकुंकवात, मे महिन्यात गावी ऐकलेलं असतं. ‘काय गं, भरलीस बरीच!’ ‘आत्तापासून आवर, पुढे स्थळं बघायचीयत.’ आणि नंतर, वजन उतरल्यावर, तेच तोंड: ‘किती छान बारीक झालीस, काय करतेस सांग ना!’ हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण ते उपाशी राहण्याचा पगार देतं. बरी होत असताना ‘आता कशी गुटगुटीत दिसतेस’ म्हणालात तर आठवडाभराची मेहनत त्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणात वाया जाते. तिच्या अंगाबद्दल काहीच बोलायचं नाही. चांगलंही नाही. नातेवाइकांना आधीच फोन करून तेवढं सांगून ठेवा. आणि ताई, तुम्ही स्वतः आरशासमोर पोट आत ओढून ‘किती सुटलेय मी’ म्हणता का, तेही जरा ऐका.

बोलायचं असेल तर जेवणाच्या वेळी नाही, आणि मांडायच्या त्या घडलेल्या गोष्टी. ‘अगं, तीन महिने पाळी नाही, तुला थंडी वाजते, रात्री झोप नाही. मला काळजी वाटतेय. शुक्रवारी डॉक्टरांकडे जाऊ. तू आत एकटी बोल, मी बाहेर बसते.’ ती चिडेल, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणेल. वाद घालू नका, अपॉइंटमेंट मोडू नका. ती १९ वर्षांची, म्हणजे कायद्याने सज्ञान आहे. डॉक्टर तिचं बोलणं तुम्हाला सांगतीलच असं नाही, आणि ते योग्यच आहे. जेवताना कुणीतरी सोबत बसावं, ताटाकडे न पाहता इतर गप्पा माराव्यात, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास तिला एकटं वाटू देऊ नये. वजनकाटा घरातून काढून टाका. वजन दवाखान्यात, आठवड्यातून एकदा, तेवढंच.

जायचं कुणाकडे? आधी फिजिशियन, मग मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या सल्ल्याने आहारतज्ज्ञ. तिघांनी एकमेकांशी बोलायला हवं. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहेत. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलते. आहारतज्ज्ञ निवडताना एकच पाहा: पहिल्याच भेटीत १२०० चा तक्ता, पावडरचा डबा किंवा ‘आधी-नंतर’चे फोटो पुढे आले तर उठून या. अठराखालच्या मुलींसाठी आईवडिलांनी काही काळ जेवणाची सूत्रं हातात घेण्याची कौटुंबिक उपचारपद्धत चांगली काम करते. तुमच्या मुलीच्या वयात, ती घरीच राहते म्हणून, त्यातला काही भाग तिच्या संमतीने वापरता येतो. मुख्य भर या आजारांसाठी बेतलेल्या वर्तनोपचारावर: वजन फार कमी नसेल तर साधारण २० सत्रं, कमी असेल तर ४० पर्यंत.

सुधारणा कशी दिसेल ते आधीच तिला सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. पहिल्या आठवड्यात काटा एकदम किलो-दीड किलोने उडी मारू शकतो. ते शरीरात परतलेलं पाणी आणि साखरेचा साठा आहे, चरबी नव्हे. जठर मंदावलेलं असल्याने दोन-चार घासांत पोट फुगतं, गॅस होतो, कधी घोट्यांवर सूज येते. काही आठवड्यांत हे ओसरतं. सूज वाढत गेली, धाप लागली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. त्यानंतर आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही योग्य चाल. पाळी सहसा ती ज्या वजनावर थांबली त्याच्या आसपास किंवा एक-दोन किलो वर परत येते, आणि वजन आल्यावरही तिला काही महिने लागू शकतात. तोवर झुंबा बंद; चालणं किती, ते डॉक्टर ठरवतील.

शुक्रवारी जाताना सोबत न्या: गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा, त्या त्या सुमाराचं वजन, सोनोग्राफीचा तो रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पावडरी आणि तीन सकाळी मोजलेली नाडी. आणि रिकाम्या पोटी नेऊ नका. रक्त द्यायचं असेल तर सकाळी लवकरची वेळ घ्या आणि डबा बरोबर ठेवा.